तात्यांची ट्रंक आणि धुळीची लांबी-रुंदी

तात्या पहिल्यांदा आले ते डिसेंबर २०२२ मध्ये, हर्णैजवळच्या एका गावातून, मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. वय ७१. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबले. उजवीकडे छातीत ठसठस आणि महिनाभर वाढत चाललेला दम, एवढीच तक्रार. स्टेथोस्कोप लावला तर उजवी बाजू खालून निम्म्यापर्यंत मुकी. एक्स-रेमध्ये पाणी. सुईनं दीड लिटर काढलं, रंग फिक्या कोकम सरबतासारखा.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिला शब्द येतो क्षय. पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त होत्या, टीबीत वाढणारं एडीए हे द्रव्य सीमारेषेच्या जरा खाली होतं. जंतू सापडले नाहीत, पण फुप्फुसाच्या आवरणाच्या टीबीत ते बहुधा सापडतच नाहीत. मी टीबीची औषधं सुरू केली. चूक माझी होती. पाण्याच्या रक्ताळ रंगानं मी सावध व्हायला हवं होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक प्रश्न विचारायचा राहिला होता. केसपेपरवर मी लिहिलं होतं, 'निवृत्त, मुंबई.' आमच्या तालुक्यात साठीपुढच्या कितीतरी पुरुषांच्या कागदावर हेच दोन शब्द लिहिता येतील. मुंबईत नक्की कुठल्या खात्यात, कुठल्या धुळीत, हे कोण विचारतो?

दोन महिन्यांत पाणी पुन्हा भरलं, वजन उतरलं. सीटी स्कॅन काढला. उजव्या फुप्फुसाच्या आवरणावर गाठीगाठींचा जाड थर, तो हृदयाच्या बाजूनेही गुंडाळत गेलेला. आणि दोन्हीकडे छाती-पोटामधल्या पडद्यावर, डाव्या निरोगी बाजूलासुद्धा, चुन्यासारख्या पांढऱ्या पट्ट्या. या पट्ट्यांना प्लाक म्हणतात. त्या स्वतः निरुपद्रवी असतात, पण दोन्ही बाजूंना अशा दिसल्या की त्या अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची सही समजायच्या. मुंबईला पाठवलं. दुर्बिणीतून तुकडा घेतला गेला. पेशींची ओळख पटवणाऱ्या खुणांपैकी कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह. निदान झालं मेसोथेलिओमा, एपिथेलिऑइड प्रकारचा. फुप्फुसाच्या बाहेरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर.

मुलगा रिपोर्ट घेऊन आला तेव्हा त्यानं उत्तरही सोबत आणलं होतं. "पत्र्यांनीच झालं ना, डॉक्टर? निसर्गच्या वेळचे."

मुलाचं म्हणणं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या बाजूला चढलं. दापोली-मंडणगडकडे माड, पोफळी, आंबे आडवे झाले, घरांची छपरं उडाली. तात्यांच्या घरावर १९९४ पासून सिमेंटचे पत्रे होते. त्याआधी कौलं होती, पण दर वर्षी मिरगाआधी घर शाकारायला माणसं मिळेनाशी झाली आणि मुंबईचा पैसा थोडा हातात आला, तेव्हा पत्रे आले. गावात तेव्हा ती ऐपतीची खूण होती.

वादळानं त्यातले निम्मे फुटले. पाऊस तोंडावर होता. बाप-लेकांनी चार दिवस तुकडे गोळा केले, खराट्यानं पडवी झाडली, मिळाले तसे नवे पत्रे आणले आणि ग्राइंडरनं कापून बसवले. मुलाला नेमकं आठवत होतं की त्या दिवसांत तात्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. पुढे मोबाइलवर कुठंतरी त्यानं वाचलं की सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्यानं कॅन्सर होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांना जोडून त्यानं काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. तो का चुकीचा, हे समजावताना मला स्वतःला बरंच नव्यानं वाचावं लागलं.

पहिली अडचण वर्षांची. हेलसिंकीत १९९७ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेले निकष सांगतात की पहिल्या संपर्कापासून किमान १० वर्षं गेल्याशिवाय मेसोथेलिओमाचं खापर अ‍ॅस्बेस्टॉसवर फोडता येत नाही. प्रत्यक्षात बहुतेकांना ३०-४० वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. निसर्गपासून तात्यांच्या पहिल्या दमापर्यंत अडीच वर्षं झाली होती. १९९४ चे पत्रे मोजले तर २८ वर्षं भरतात, हे खरं. पण तेव्हाचा संपर्क म्हणजे करवतीनं दोन दिवस कापाकाप.

मग मी तो राहिलेला प्रश्न विचारला. तात्या खाटेवर टेकून बसले होते. म्हणाले, "मी लॅगिंगवाला होतो."

लॅगिंग

१९६९ साली, अठराव्या वर्षी, तात्या पडावातून बोटीत चढले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. गावच्या माणसानं गोदीत जहाजदुरुस्तीच्या एका ठेकेदाराकडे लावून दिलं. १९७० ते १९८८ असं अठरा वर्षं काम एकच: इंजिनरूममध्ये वाफेच्या पाइपांवरचं आणि बॉयलरवरचं जुनं आवरण हातोडी-छिन्नीनं फोडायचं, पोती भरून वर द्यायची आणि नवं आवरण चढवायचं. जुनं आवरण कसं दिसायचं? "अर्ध्या नळीसारखे तुकडे, करडे-तपकिरी. वरून प्लास्टर, त्याच्यावर कापड." कोंदट जागेत बल्बभोवती धुकं असायचं. तोंडाला पंचा. "चहा प्यायला वर आलो की एकमेकांना ओळखायचो नाही."

नमुना हातात नसताना खनिजाचं नाव छातीठोक सांगता येत नाही. पण ब्रिटिश आणि अमेरिकन बांधणीच्या त्या काळातल्या जहाजांत अशा अर्धगोल तयार तुकड्यांसाठी मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतलं अ‍ॅमोसाइट, म्हणजे तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जाई. फवारलेल्या आवरणांत निळं, म्हणजे क्रोसिडोलाइटही असे. पत्र्यातलं पांढरं ते क्रिसोटाइल. तिघांनाही आपण एकाच नावानं हाक मारतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

२००० साली हॉजसन आणि डार्नटन या दोघा ब्रिटिश संशोधकांनी तोवरच्या कामगार-अभ्यासांचा हिशेब मांडला. सारखाच संपर्क धरला तर मेसोथेलिओमाच्या धोक्याचं प्रमाण पांढऱ्याला १, तपकिरीला १०० आणि निळ्याला ५०० असं आलं. आकड्यांवर वाद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सगळ्याच प्रकारांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्यांत ठेवते, आणि ते बरोबरच आहे. पण इतका फरक पडतो कशानं?

होडी रुंदीवर आत शिरते

उत्तराचा मोठा भाग रसायनात नाही, मापात आहे.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. तिथून होडी आत येते की नाही हे तिच्या लांबीवर ठरत नाही. प्रवाहाला सरळ धरली की लांब होडीही निसटून जाते, अडते ती रुंद आणि खोल बुडणारी. श्वासनळीत धाग्याचं तसंच होतं. हवेच्या ओघाला समांतर राहून तो वाहतो आणि किती खोल जाईल हे मुख्यतः जाडी ठरवते. ढोबळ हिशेब असा की लांब धागा हवेत त्याच्या जाडीच्या तिप्पट व्यासाच्या गोळीसारखा वागतो. म्हणजे ०.१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा आणि ५० मायक्रॉन लांबीचा धागा ०.३ मायक्रॉनच्या कणासारखा तरंगत थेट वायुकोशात पोचतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. असे ७०० धागे शेजारी शेजारी ठेवले तर केसाची रुंदी भरेल. ३ मायक्रॉनहून जाड धागे सहसा वरच अडकतात आणि खाकरून बाहेर पडतात.

खोल पोचल्यावर मात्र लांबीचा खेळ सुरू होतो. वायुकोशात झाडूवाल्या पेशी असतात, मॅक्रोफेज. माणसातल्या या पेशीचा व्यास १५-२० मायक्रॉनच्या घरात. ५ मायक्रॉनचा तुकडा ती सहज गिळते आणि उचलून नेते. २५ मायक्रॉनचा धागा आला की बगळ्यानं लांबलचक वाम धरावी तशी गत होते, निम्मी आत आणि निम्मी चोचीबाहेर. पेशी ना गिळू शकते ना सोडू शकते. त्या झटापटीत ती दाहक रसायनं ओकत राहते, शेजारच्या पेशींना इजा होत राहते, त्या दुरुस्त होताना पुन्हा पुन्हा विभागतात. दशकं लोटतात, आणि एखाद्या विभाजनात चूक पक्की बसते.

आवरणापर्यंत पोचलेल्या धाग्यांचं आणखी एक दुखणं आहे. छातीच्या बाजूच्या आवरणाला लसिकेकडे, म्हणजे शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांकडे, उघडणारी बारीक भोकं असतात, काही मायक्रॉनची. आखूड तुकडे त्यातून वाहून जातात. लांब धागा पावसाळ्यात मोरीच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या झावळीसारखा तिथंच अडतो, आणि त्याच्यामागे बाकीचा कचरा साठतो. मेसोथेलिओमा फुप्फुसात न होता त्याच्या आवरणात का होतो, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण हेच.

मापाचा मुद्दा पहिल्यांदा ठसठशीत मांडला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या मर्ल स्टँटन यांनी. १९८१ मध्ये त्यांच्या गटानं ७२ प्रयोग एकत्र मांडले. अ‍ॅस्बेस्टॉस, काच आणि इतर टिकाऊ खनिजांचे वेगवेगळ्या मापांचे धागे उंदरांच्या छातीच्या आवरणावर ठेवले होते. गाठी होण्याशी सर्वात घट्ट नातं निघालं ०.२५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक आणि ८ मायक्रॉनहून लांब धाग्यांचं. पदार्थ कोणता, ही गोष्ट मागे पडली. तुर्कस्तानातल्या कॅप्पाडोशियाच्या काही खेड्यांत मेसोथेलिओमानं घरंच्या घरं संपली, तिथलं खनिज एरिओनाइट. ते अ‍ॅस्बेस्टॉसच्या सहा खनिजांत बसतही नाही, पण धागा तसाच बारीक, लांब आणि टिकाऊ. २००८ मध्ये लांब कार्बन नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात सोडल्या तेव्हा तिथल्या आवरणावर तशीच सूज दिसली, आखूड आणि गुंतलेल्यांनी ती आली नाही.

१९८८ मध्ये मॉर्टन लिपमन यांनी रोगागणिक मापं वेगळी करून दाखवली. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी १० मायक्रॉनहून लांब आणि ०.१५ हून जाड धागे महत्त्वाचे. मेसोथेलिओमासाठी ५ हून लांब, पण ०.१ हून बारीक. फुप्फुस घट्ट करणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसिससाठी २ मायक्रॉनही पुरतात. एकाच धुळीचे तीन रोग, प्रत्येकाला आपापल्या मापाचा धागा. तात्यांना तिघांतला कोणता झाला हे पाहिलं तर त्यांच्या छातीत कुठल्या मापाचा माल उतरला असेल याचा अंदाज येतो.

टिकाऊपणा ही तिसरी गोष्ट. क्रिसोटाइल ही गुंडाळलेल्या पापुद्र्याची नळी असते. मॅक्रोफेजच्या आतल्या आम्लात तिच्यातलं मॅग्नेशियम झिजतं आणि धागा तुटून आखूड होतो. अ‍ॅमोसाइट-क्रोसिडोलाइट सुईसारखे सरळ असतात आणि आम्लाला दाद देत नाहीत. तात्यांनी १९७५ साली श्वासातून घेतलेल्या सुयांपैकी काही २०२३ मध्येही जागेवर असणार.

ट्रंक

एवढं समजावून झाल्यावर मुलाला थोडं हलकं वाटलं असावं. निसर्गच्या धुळीत तोही होता. मग त्यानं सहज विचारलं, "म्हणजे पांढरं असेल तर एवढं नाही ना?"

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "ती दोरी दाखव की त्यांना."

माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली. आत गोदीत शिरायचा जुना परवाना, नट फिरवायचे दोन पाने, एक बिघडलेला गेज, आणि पांढरट, मऊ, मनगटाएवढ्या जाडीच्या दोरीचं वेटोळं. तात्या गोदीतून सुट्टीवर येताना ती आणत. कशाला? मच्छीमारीच्या होडीच्या इंजिनाचा धूर सोडणारा पाइप तापतो, त्याला गुंडाळायला. शेजारपाजारच्यांनाही वाटलेली. ट्रंकेतला साठा मुलगा अजून वापरत होता. दर हंगामाआधी जुनं गुंडाळलेलं ओरबाडून काढायचं, नव्या दोरीचे पीळ हातानं सोडवून, पिंजून, पाइपावर बसवायची. नाकाजवळ, होडीच्या फळीवर बसून.

दोरीचा आणि छपराच्या पत्र्याचा एकेक तुकडा ओला करून, दुहेरी पिशवीत बंद करून मी मुंबईतल्या एका ओळखीच्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञाकडे पाठवला. दोन्हीत क्रिसोटाइल निघालं. खनिज एकच. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं शेजारी ठेवली तेव्हा मुलाला माझ्या व्याख्यानाची गरज उरली नाही. पत्र्याच्या तुकड्यात सिमेंटची ढेकळं आणि त्यात रुतलेली आखूड झुबकी. दोरीत लांबच लांब धागे, टोकाशी केसासारखे फाटत गेलेले.

गिरणगावात राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तात्या खाटेवरूनच म्हणाले, "कापसासारखंच ना? लांब धाग्याचा सुताला, आखूड गादीत." तंतोतंत. कॅनडातल्या क्विबेकच्या खाणींत क्रिसोटाइलची प्रतवारी अशीच चाले. तिसऱ्या गटापर्यंतचा लांब तंतूंचा माल सूत, कापड आणि दोरीसाठी, त्याखालचा सिमेंटच्या वस्तूंसाठी, सातव्या गटातला अगदी आखूड माल भरावाला. सूत काततानाच धागे उभे फाटून आणखी बारीक होतात. म्हणजे कारखान्याला जो माल उत्तम, तोच फुप्फुसाला सर्वात वाईट.

याचा माणसांतला पुरावा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या अ‍ॅस्बेस्टॉस कापडगिरणीत मिळतो. तिथं येणारं क्रिसोटाइल बरंचसं क्विबेकचंच होतं. तरी सारख्या संपर्काला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका क्विबेकच्या खाणकामगारांपेक्षा गिरणीतल्या कामगारांत कित्येक पटींनी जास्त, काही तुलनांत पन्नासपटीच्या आसपास निघाला. पुढे डिमेंट, स्टेनर, लूमिस आणि सहकाऱ्यांनी त्या आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या गिरण्यांच्या जुन्या हवेच्या नमुन्यांतले धागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं मापले. कॅन्सरशी सर्वात घट्ट नातं पुन्हा लांब आणि बारीक धाग्यांचंच आलं. ते स्वतःच एक प्रामाणिक इशारा देतात. हवेत सगळ्या मापांचे धागे एकत्रच असतात, एक वाढला की दुसराही वाढतो, त्यामुळे हा दोष नेमका याचाच असं चिमट्यानं वेगळं काढणं अवघड जातं.

विरोधी बाजूही नोंदवतो. न्यू यॉर्कच्या यासुनोसुके सुझुकी यांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांच्या आवरणाच्या ऊतीतले धागे मोजले तेव्हा त्यांना तिथं बहुसंख्य आखूड आणि बारीक क्रिसोटाइल दिसलं. त्यावरून त्यांनी आखूड धाग्यांना निर्दोष सोडू नका असं बजावलं. उलट अमेरिकन सरकारच्या एका तज्ज्ञ समितीचा २००३ मधला निष्कर्ष होता की ५ मायक्रॉनहून आखूड धाग्यांचा कॅन्सरमधला वाटा नगण्य. माझं झुकतं माप दुसऱ्या बाजूला आहे. जे सापडलं तेच कारण, असं होत नाही. पूर ओसरल्यावर अंगणात गाळ सापडतो, पण भिंत पाडलेली असते ती ओंडक्यानं. तरीही लहान मुलं असलेल्या घरात मी सुझुकींचं ऐकून वागेन.

मोजतो कोण आणि काय

भारतात १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉस खाणींना नवे परवाने बंद आहेत, पण क्रिसोटाइलची आयात आणि पत्र्यांचं उत्पादन चालू आहे. कारखान्यातली हवा तपासताना धागा मोजायचा तो ५ मायक्रॉनहून लांब, ३ हून बारीक आणि लांबी रुंदीच्या तिप्पट असेल तरच. हे आकडे मोजणाऱ्याच्या सोयीतून आले आहेत. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन माणसांची मोजणी जुळावी म्हणून ५ ची रेघ ओढली गेली. ४.९ मायक्रॉनचा धागा सुरक्षित असं ती रेघ सांगत नाही. शिवाय त्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रॉनहून बारीक धागा दिसतच नाही. क्रिसोटाइलचा एक सुटा तंतू ०.०३ च्या घरात असतो. म्हणजे लिपमन ज्या धाग्याकडे बोट दाखवतात तो मोजणीच्या कागदावर शून्य.

आकड्यांचा अर्थ लागावा म्हणून एक हिशेब. कष्टाच्या एका पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे १ कोटी मिलीलीटर. दर मिलीलीटरला १ धागा असेल तर पाळीत १ कोटी धागे. अमेरिकेची मर्यादा ०.१, म्हणजे १० लाख. युरोपीय संघानं २०२३ मध्ये ती ०.०१ वर आणली, आणि २०२९ च्या अखेरीपासून तिथं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं मोजणं सक्तीचं होईल. बल्बभोवती धुकं दिसण्याइतक्या धुळीत तात्यांनी अठरा वर्षं काढली. तिथं कुणी काही मोजलं नव्हतं.

भरपाईचं विचाराल तर तेही लवकर आटपलं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जो काळ जास्त असेल तितका, ठेवायला सांगितलं. तात्या त्याआधीच सात वर्षं सुटले होते. ठेकेदार राहिला नव्हता, हजेरीपट कुणाकडे नव्हता. गोदीचा परवाना होता, पण त्यावर कामाचं स्वरूप 'मजूर'.

खोली

मला जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तात्या लालबागला गावकीच्या खोलीत राहत. दहा बाय बारात पंधरा जण, पाळीपाळीनं झोपणारे. कामाचे कपडे तिथंच झटकून खुंटीला. १९६५ मध्ये लंडनच्या म्यूरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन यांनी मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा इतिहास तपासला होता. त्यात ३१ जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेलं, आणि ९ जण असे की ज्यांच्या फक्त घरात असा कामगार होता. कपड्यांवरून येणारी धूळ उरलीसुरली असते हे खरं, पण झटकल्यावर हवेत तरंगत राहतो तो नेमका बारीक भाग. जाड ढेकळं खाली बसतात.

तात्यांना त्या खोलीतली माणसं नावानिशी आठवत होती. बरेच गेलेले, काही पुण्या-मुंबईत, चौघं आमच्याच पंचक्रोशीत. चौघांना बोलावून एक्स-रे काढले. एकाच्या पडद्यावर तशीच चुन्याची पट्टी. तो गृहस्थ आयुष्यभर सूतगिरणीत, गोदीचं तोंड न पाहिलेला. त्याला कॅन्सर नाही, होईलच असंही नाही. पण तो विडी ओढतो, आणि मी त्याला सर्वात जास्त वेळ दिला तो त्यावर. अमेरिकेतल्या, पाइपांवर आवरण चढवणाऱ्या कामगारांच्या १९७९ मधल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसनं सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानानं ११ पट, दोन्ही मिळून ५३ पट निघालं. मेसोथेलिओमाचं विडीशी नातं नाही. तात्यांच्या विडीला घरच्यांनी दोष देऊ नये हे मी काकूंना दोनदा सांगितलं. त्यांचा काही विश्वास बसला नाही.

काकू मुंबईला कधी राहिल्या नाहीत. पण गणपतीला आणि शिमग्याला तात्या येत तेव्हा त्यांची वळकटी त्याच झटकत, मागच्या दारी. त्यांच्या एक्स-रेत काही नाही. दर वर्षी एकदा बघायचं ठरवलंय. लक्षण नसलेल्या माणसात यापेक्षा जास्त काही करण्यात मला अर्थ दिसत नाही.

पत्र्यांचं काय केलं

पत्रे काढून टाका असं मी सांगितलं नाही. शाबूत, न फुटलेला पत्रा छपरावर असतो तेव्हा धागे सिमेंटमध्ये बांधलेले असतात. तो काढतानाच जास्त सुटतात. फुटलेल्यांचा ढीग मात्र विहिरीमागे पडून होता, आणि त्यातले काही तुकडे गोठ्याच्या वाटेवर चिखलात दाबलेले, रोज पायाखाली भरडले जाणारे. ते पाणी मारून, न फोडता उचलले, जाड प्लास्टिकमध्ये दोनदा बांधले. घातक कचऱ्याची रीतसर जागा तळोज्याला आहे. दापोलीतून चार पोती तिथवर कोण नेणार? शेवटी वापरात नसलेल्या वरकस जमिनीत, विहिरीपासून लांब, खोल पुरले आणि वर दगडांची खूण केली. नियमाच्या पुस्तकात हे बसत नाही, ठाऊक आहे. निसर्गनंतर किनारपट्टीवर किती घरांनी तेवढंही केलं असेल?

ग्राइंडर बंद करायला लावला. त्याच्या वेगानं सिमेंटचं पीठ होतं आणि झुबकी सुटतात. पत्रा कापायचाच तर ओला करून, हातकरवतीनं, तोंडाला पंचा न बांधता पी-१०० सारखा घट्ट बसणारा मास्क लावून. नंतर झाडायचं नाही, पुसायचं.

तात्यांना पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लाटिनच्या चार सायकल दिल्या. या जोडीनं मुळात आयुष्याचे तीनेक महिने वाढतात, हे २००३ पासून माहीत आहे. २०२१ मध्ये आलेल्या इम्युनोथेरपीच्या जोडीचा निकाल त्याहून बरा आहे, पण तिच्या किमतीचा आकडा ऐकून मुलगा गप्प बसला आणि तात्यांनीच नको म्हटलं. पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरण चिकटवून घेतलं, त्याचा उपयोग झाला. एप्रिल २०२४ मध्ये ते गेले, घरी.

ट्रंकेतली दोरी मी पिशवीत बांधून घेऊन आलो होतो. होडीच्या पाइपावरची मुलानं स्वतः भिजवून, न ओरबाडता काढली. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात जायच्या वेळी तो दापोलीत काचेच्या धाग्याची पट्टी घ्यायला गेला. त्या पट्टीतले धागे काही मायक्रॉन जाड असतात, तुटले तर आडवे तुटतात, उभे फाटून बारीक होत नाहीत, हे मी त्याला सांगितलं होतं. तरी दुकानात उभा राहून त्यानं मला फोन लावला. मागून दुकानदाराचा वैतागलेला आवाज येत होता.

"डॉक्टर, ह्याला विचारतोय धागा किती जाड, तर हा म्हणतो पट्टी दोन इंच."